बदलीनंतरही चालेल असं मंडळ

पोरी,

प्रतापगडच्या शाळेत रुजू होऊन तुला वर्षही झालं नाही आणि हरित सेनेचा प्रभार तुझ्या गळ्यात पडला, याचं मला काही नवल वाटलं नाही. शाळेत नवा माणूस आला की असे प्रभार आपोआप त्याच्याकडे सरकतात. पोषण आहाराच्या नोंदी एकाकडे, शिष्यवृत्तीचे फॉर्म दुसऱ्याकडे, आणि मंच, मंडळ, सेना, सभा असं जे काही उरेल ते सगळ्यात धाकट्याकडे. ‘तुम्ही तरुण आहात, तुम्हीच घ्या’ म्हणून एक वही हातात ठेवतात. ती बहुधा कोरीच असते.

फोनवर तू विचारलंस, ‘आत्या, पण करायचं काय?’ उपक्रमांची यादी तुला परिपत्रकात मिळेल. राष्ट्रीय हरित सेना केंद्र सरकारने २००१-०२ साली सुरू केली, आपल्याकडे सामाजिक वनीकरण विभाग ती बघतो, आणि तेव्हापासून कागदाला काही तोटा नाही. मी सांगते ते त्या कागदाच्या बाहेरचं आहे. तुझं प्रतापगड ज्या तालुक्यात आहे त्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या शाळांतच माझी सगळी नोकरी झाली. हरित सेनेची मंडळं वाजतगाजत सुरू झालेली पाहिली आणि बाईंची किंवा गुरुजींची बदली झाली की त्याच महिन्यात मिटलेलीही पाहिली. म्हणून पहिला मंत्र आधी सांगते आणि पुढचे सगळे त्याच्याच पोटातले आहेत असं समज: उद्या आपली बदली होणार आहे असं धरून मंडळ बांध.

१. वार ठरव आणि तो सोडू नको

शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावरचा पाऊण तास मंडळाचा, असं मुख्याध्यापकांकडून आत्ताच ठरवून घे आणि वेळापत्रकावर लिहून घे. तोंडी परवानगी पहिल्या बैठकीपर्यंतच टिकते. केंद्राची सभा निघाली, पावसाने झोडपलं, तुझं डोकं दुखतंय, तरी वार रद्द करायचा नाही. पाऊण तासाऐवजी दहा मिनिटं कर. वऱ्हांड्यात बसून मागच्या आठवड्याचं पान वाचून काढा आणि घरी जा. पोरांचा भरवसा मोठ्या कार्यक्रमावर बसत नाही, शनिवार चुकत नाही यावर बसतो. आणि तुला खरंच जाता येणार नसेल तर सातवीतल्या दोघी जणी ती दहा मिनिटं वऱ्हांड्यातच, दुसऱ्या कुणा शिक्षकाच्या नजरेखाली, घेतील अशी सवय दिवाळीच्या आत लाव. तुझ्यावाचून एक शनिवार पार पडला की समज, अर्धं काम झालं.

२. कागदावर सगळे, कामाला थोडे

हजेरीपटावर पाचवी ते सातवीची सगळी नावं राहू देत, अहवालाला ती लागतात. पण बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, नेताना बारा-पंधरा पोरं पुष्कळ झाली. निवड करायला बसू नको. पहिला महिना जो येईल तो येऊ दे. ज्यांना मोकळं हुंदडायचं होतं ते आपोआप गळतील, आणि ज्यांना खरंच काही पाहायचंय ते उरतील. वर्गातले पहिले पाच उचलून मंडळ करायचा मोह सगळ्यांना होतो. ती पोरं शिष्यवृत्तीतही असतात, वक्तृत्वातही असतात, समूहगीतातही असतात. त्यांना वेळच नसतो. बकऱ्यांच्या मागे जाणारं, बापाबरोबर जाळं टाकायला जाणारं पोर ये म्हटलं तर येतं आणि आलं की रोज येतं.

३. वाघाच्या मागे लागू नको

तू जिथे आहेस तिथे पाहण्यासारख्या गोष्टींचा इतका सुकाळ आहे की त्याचीच अडचण होते. वरती प्रतापगडचा डोंगर आणि किल्ल्याच्या पडक्या भिंती, खाली धानाच्या बांध्या, पलीकडे गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, दुसरीकडे नवेगावबांधचा तलाव आणि भोवतीचं राष्ट्रीय उद्यान. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हापासून तर जो तो वाघाचंच बोलतो. पोरंही म्हणतील, बाई, वाघ दाखवा. गोंदिया जिल्हा म्हटलं की दुसरं नाव सारसाचं. माणसाएवढा उंच, जोडीने राहणारा, महाराष्ट्रात आता जवळजवळ याच जिल्ह्यापुरता उरलेला पक्षी. सारसाची दरवर्षी गणना होते, त्यासाठी खपणारी माणसं आहेत, आणि त्यांचं काम मोठंच आहे.

तू मात्र शाळेपासून चालत दहा मिनिटांवरची एक बोडी निवड. तीच बोडी, तोच दगड, तीच वेळ. तिथे ढोकरी असेल, पाणकावळा असेल, टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येत असेल. पावसाळ्यात कमळपक्षी दिसला तर पोरांना सांग की याची अंडी बाप उबवतो, आणि मग पोरींचे चेहरे बघ. दर आठवड्याला एकाच जागी पाहिलं की कोण कधी आलं, कोण कधी गेलं, पाणी किती उतरलं, हे पोरांना कुणी सांगावं लागत नाही. सहलीत शंभर पक्षी पाहिलेलं पोर महिन्याभरात विसरतं. आठ पक्षी वर्षभर पाहिलेलं पोर नववा आला की ओरडतं.

४. वही हेच मंडळ

हा मंत्र नीट ऐक. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, एकच वही घे. सुट्या कागदांवर काही लिहू देऊ नको. पानावर पट्टीने सहा रकाने आखायचे: तारीख आणि वेळ, आभाळ कसं होतं, पाणी कुठवर आहे, काय दिसलं, किती दिसले, कुणी पाहिलं. पाणी मोजायला बोडीच्या काठचा एक मोठा दगड धरा आणि त्यावर ऑइल पेंटने वीतभर अंतरावर रेघा मारून घ्या. ‘पाणी तिसऱ्या रेघेवर’ एवढं लिहिलं की झालं. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पाणी दुसऱ्या रेघेवर दिसलं की पोरं आपणहून विचारतील, बाई, यंदा असं का? त्या प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप.

वहीचे नियम तीनच ठेव. एक, खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहायचं. दोन, नाव माहीत नसेल तर चित्र काढायचं आणि खाली ‘नाव माहीत नाही’ असं लिहायचं. वहीतली सगळ्यात मोलाची पानं हीच असतात. तीन, आधी घरी जे नाव चालतं ते लिहायचं, पुस्तकातलं नाव नंतर शेजारी. झाडीबोलीतलं नाव ऐकून तू हसलीस किंवा ‘शुद्ध नाव सांग’ म्हणालीस, तर ते पोर पुढच्या खेपेला तोंडच उघडणार नाही.

ही पद्धत मी काढलेली नाही. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना नवेगावबांधला राहिले, तेव्हा त्यांच्याजवळ पुस्तकांची विद्या होतीच. पण गावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या माणसांबरोबर ते तलावावर आणि रानात हिंडले, त्यांच्याकडची पाखरांची नावं आणि सवयी लिहून घेत गेले. त्यांची पुस्तकं आणि त्यांचा पक्षिकोश अशा हिंडण्या-लिहिण्यातून उभे राहिले. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ‘नवेगावबांधचे दिवस’ शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर पहिल्या अनुदानात ते घे. त्यातली गावं आपल्या पोरांच्या पायाखालची आहेत, आणि पुस्तकात आपलं गाव सापडलं की सातवीतलं पोर ते खाली ठेवत नाही.

५. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या दारी जा

आपला भाग तलावांचा. कोहळ्यांनी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते सरकारी झाले. सरकारी कागदावर ते माजी मालगुजारी तलाव, आपल्या तोंडी मामा तलाव. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असं सगळेच सांगतात. कोहळी ही तलाव बांधणारी जात, आणि तलावावर मासेमारी करून जगणारे ढिवर. पाण्यात कुठलं गवत उगवलं की कुठला मासा येतो, बेशरम हे तण माजलं की काय काय जातं, हे ढिवरांना पाठ असतं.

अर्जुनी मोरगावातच भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आहे. मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी याच ज्ञानाला हात घातला. ढिवर माणसांना विचारून तलावातल्या देशी वनस्पतींची आणि माशांची माहिती गोळा केली. मग बायकांच्या गटांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरड्या पात्रात नांगर फिरवला आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. मासे वाढले, पाखरं परतली. याला मी अभ्यास मंडळ म्हणते. आधी विचारलं, मग लिहिलं, आणि नंतर हात लावला. तुझ्या पोरांनी हाच क्रम धरावा.

आता हे करायचं कसं ते ऐक. जाणत्या माणसाला शाळेत बोलावून खुर्चीवर बसवू नको, शाल-श्रीफळ तर नकोच. माईक समोर आला की तो माणूस भाषण करायला लागतो किंवा गप्प होतो. चार पोरं घेऊन त्याच्या अंगणात जा, जाळं विणत असेल तेव्हा. प्रश्न पोरांनी आदल्या शनिवारी लिहून ठेवलेले असावेत आणि ते नेमके असावेत. ‘तलावाबद्दल सांगा’ असं विचारू नये. ‘तुम्ही लहान होता तेव्हा मिळायचा आणि आता मिळत नाही असा मासा कोणता?’ असं विचारावं. उत्तर मिळालं की वहीत त्या माणसाचं नाव लिहा आणि पुढच्या आठवड्यात ते पान त्याला वाचून दाखवा. नाव आणि माहिती बरोबर उतरली का, हे तोच सांगेल.

तुझ्या गावाला आणखी एक शेजार आहे, तो विसरू नको. गोठणगावजवळची नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. हिवाळ्यात मोठ्या तलावांवर जो नारिंगी चक्रवाक उतरतो, तो उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी पिल्लं वाढवतो. आपली पोरं त्याला हिवाळ्यातलाच ओळखतात. त्याच्या उन्हाळ्याबद्दल एखाद्या तिबेटी आजीला विचारायला पोरांना पाठव. मंडळाला यापेक्षा चांगला प्रकल्प सुचणार नाही.

६. एक दुर्बीण, बारा पोरं

दुर्बीण एकच मिळेल आणि भांडण तिच्यावरूनच होईल. म्हणून कायदा आधीच कर. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय दुर्बीण हातात घ्यायची नाही. ज्याच्या डोळ्याला दुर्बीण आहे त्याने बोलायचं, बाकीच्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोच पक्षी शोधायचा. तो सांगतो: ‘बाभळीच्या वाळक्या फांदीवर, टोकाकडे, छाती पांढरी, चोच लांब.’ पुढचा म्हणतो, सापडला. मग दुर्बीण त्याच्या गळ्यात. यात एक गंमत होते. दुर्बीण असलेल्याला नीट सांगायची सवय लागते आणि नसलेल्याला नीट पाहायची. मराठीच्या तासाला वर्णनात्मक निबंध म्हणून जे आपण घासून घासून शिकवतो, ते बोडीच्या काठावर फुकटात होऊन जातं.

७. धानाचं पंचांग पाळ

हजेरी घटली की पोरांवर चिडू नको, आधी शेताकडे बघ. जुलैत रोवणी सुरू झाली की मोठ्या पोरी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. दिवाळीच्या आगेमागे कापणी. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो आणि अख्खं घर पहाटेपासून झाडाखाली असतं. मेमध्ये तेंदूपत्ता, पण तेव्हा शाळेला सुट्टी. या महिन्यांत मंडळ बंद पडत नाही, मंडळाचं काम बदलतं. मोहाच्या दिवसांत ‘आमच्या मोहाखाली’ असं एक पान कर. पहिलं फूल कोणत्या तारखेला पडलं, घरच्या टोपलीने किती टोपल्या झाल्या, झाडावर कोण कोण येतं. हे लिहायला पोराला शाळेतही यावं लागत नाही. सोमवारी आलं की दोन ओळी वहीत चढवायच्या. जे काम पोर घरी करतंय तेच मंडळाचं काम झालं, म्हणजे आईबापांचीही कुरकुर थांबते.

८. जंगल, पाणी आणि परवानगी

इथे मी कडक होते. एकही नियम वाकवायचा नाही.

पाण्यात उतरायचं नाही, पोहता येणाऱ्यानेही नाही. काठापासून दहा पावलांवर दोरी लाव आणि दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. राखीव जंगलात किंवा उद्यानाच्या हद्दीत जायचं तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि सोबत वनरक्षक. पालकांची सही दरवर्षी नव्याने, वर्षभरासाठी एकच. बरोबर दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. मोहाच्या दिवसांत पहाटे पोरांना मंडळाच्या नावाखाली रानाकडे नेऊ नको, कारण मोह खायला अस्वलही त्याच वेळी झाडाखाली येतं. पायात बूट किंवा चप्पल असलीच पाहिजे. साप चावला तर १०८ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. झाडफूक करणारा वाटेत भेटला तरी गाडी थांबवायची नाही. हे पोरांना तोंडपाठ असावं, तुझ्या फोनमध्ये असून भागत नाही.

आणखी एक. घरटं सापडलं की फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायची हौस मोठ्यांनाच जास्त असते. घरट्याची जागा मंडळाबाहेर कुणाला सांगायची नाही, अशी शपथ पोरांकडून घे. पोरं ती मोठ्यांपेक्षा चांगली पाळतात.

९. पदं फिरती ठेव

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव अशी निवडणूक लावली की मंडळाचं राजकारण होतं आणि ते गावातल्या राजकारणासारखंच चालतं. त्याऐवजी कामं वाट आणि ती दर महिन्याला फिरव: वही लिहिणारा, दुर्बीण सांभाळणारा, दोरी लावणारा, पाणी मोजणारा, धाकट्यांचा हात धरणारा. एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ. अक्षर चांगलं म्हणून वही नेहमी पोरींकडे जाते आणि दोरी-दुर्बीण पोरांकडे. मुद्दाम उलटं कर. आणि पाचवीतल्या प्रत्येकाला सातवीतला एक जोडीदार दे. सातवीचं पोर जूनमध्ये शाळा सोडून जाईल तेव्हा बोडीवरचं सगळं त्याने पाचवीच्या पोराला दिलेलं असेल. शिकवणं तुझ्याकडून निघून त्यांच्यात गेलं, म्हणजे तुझ्या बदलीची भीती राहत नाही.

१०. यात्रेचे दिवस

महाशिवरात्रीला प्रतापगडावर लोटणारी गर्दी तू पाहिलीसच. वर महादेव, तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा, आणि एकाच डोंगरावर दोन्हीकडे नवस बोलणारी माणसं. ज्यांच्या घरचं दुकान यात्रेत लागतं ती पोरं तुझ्या मंडळात असतील. यात्रेच्या दिवशी स्वच्छता मोहीम, हातात फलक, गळ्यात पट्टे असं काही करू नको, त्या गर्दीत पोरं हरवायची. यात्रा उठल्यावर, मोठ्यांना आणि ग्रामपंचायतीला बरोबर घेऊन, पायथ्याशी ठरावीक पन्नास पावलांचा एकच पट्टा घे. त्यात काय पडलंय ते मोजा: पाण्याच्या बाटल्या किती, द्रोण किती, पत्रावळी किती, गुटख्याच्या पुड्या किती. पुढच्या वर्षी तोच पट्टा, तीच मोजणी. ते दोन आकडे पोरांनी ग्रामसभेत वाचून दाखवले तर सरपंचांना उत्तर द्यावं लागेल. फलकाला उत्तर द्यावं लागत नाही.

मंडळात कुणाचा देव मोठा याची चर्चा निघाली तर तिथेच थांबव. डोंगर दोघांचा आहे, कचराही दोघांचा आहे, एवढं बोल आणि मोजायला लाव.

११. झाडं लावलेली मोजू नको, जगलेली मोज

वृक्षारोपणाचा आदेश येईलच. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला, आणि विदर्भातली शाळा उघडते जूनच्या शेवटी. म्हणजे त्या दिवशी शाळेत कुणीच नसतं. तू शाळा उघडल्यावरचा पहिला शनिवार धर आणि त्या दिवशी गेल्या वर्षीची झाडं मोज. रोपं कमी घे, दहाच घे, पण प्रत्येकाला एक घर दे. खरा प्रश्न एप्रिल-मेच्या पाण्याचा असतो. शाळा बंद, हातपंप आटलेला. ज्या पोराचं घर झाडाच्या जवळ त्यालाच ते झाड द्यायचं. अहवालात ‘लावली दहा, जगली सात’ असं खरं लिही. तीन मेली ती का, तेही लिही: बकरी, पाणी, वाळवी. साहेब काही बोलणार नाहीत. बोलले तर वही पुढे ठेव.

वर्षात दिवस पाळायचे तर दोनच पाळ. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह, चितमपल्लींच्या आणि सलीम अलींच्या वाढदिवसांमधला, २०२० पासून सरकारी. त्या आठवड्यात हिवाळी बदकं यायला लागतात. दुसरा २ फेब्रुवारी, पाणथळ जागांचा दिवस, तेव्हा ती अजून असतात. दोन्ही वेळा बोडीवरची पूर्ण गणना करा. बाकीच्या दिवसांना फळ्यावर सुविचार पुरे.

१२. कागद आणि पैसा

कागदाला शत्रू मानू नको, पण त्याला पुढे बसू देऊ नको. दर उपक्रमाचा एक फोटो, तोही पोरं काम करत असताना, ओळीत उभी असताना नको. महिन्याचा अहवाल वहीतून उतरवून काढ, वेगळा रचायचा नाही. अहवाल लिहिण्याचं काम हळूहळू सातवीकडे दे, तू फक्त सही कर.

पोरांकडून एक रुपयाही वर्गणी घेऊ नको. पाच रुपये नाहीत म्हणून घरी बसलेलं पोर कारण कधीच सांगत नाही, ते नुसतं यायचं बंद होतं. लागतं तरी काय? वही, पेन्सिली, पट्टी, दोरी, रंगाचा डबा, आणि कधीतरी एक दुर्बीण. अनुदान येतं तेव्हा येतं. तोवर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वही फिरव आणि मग विचार. नुसता मागणीचा अर्ज दिलास तर तो फायलीत जाईल. आपल्या नातवाच्या हातचं बोडीचं पान पाहिलेला आजोबा खिशात हात घालतो. मिळालेल्या पैशांचा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर, पोरांच्या अक्षरात.

१३. स्पर्धा आली तर

विज्ञान प्रदर्शन येईल, प्रकल्प स्पर्धा येईल. पोरांनी स्वतः मोजलेलं काही असेल तर जा, नसेल तर त्या वर्षी जाऊ नको. थर्माकोलचा डोंगर आणि त्यावर प्लास्टिकचा वाघ घेऊन बक्षीस मिळतं, मी पाहिलंय. पण ते बक्षीस ज्याच्या बापाने थर्माकोल कापलं त्याचं असतं. बोडीच्या पाण्याच्या दोन वर्षांच्या रेघा एका तक्त्यावर काढून नेल्या तर बक्षीस मिळेलच असं नाही, पण परीक्षकाने काहीही विचारलं तरी पाचवीतलं पोर न अडखळता उत्तर देईल. तू मागे उभी राहा आणि मध्ये बोलू नको. हे सगळ्यात अवघड आहे, सराव कर.

१४. कंटाळा येईल तेव्हा

तो येतो. साधारण जानेवारीत येतो. शिष्यवृत्तीचे जादा वर्ग, स्नेहसंमेलन, कुठली तरी निवडणूक ड्युटी, आणि मंडळात पोरं सहाच. तेव्हा नवा उपक्रम काढू नको. नव्या उपक्रमाने चार दिवस हुरूप येतो आणि पाचव्या दिवशी दुप्पट थकवा. जुनंच कर, छोटं कर. सहा पोरांना घेऊन बोडीवर जा, रेघ बघ, पाखरं मोज, परत ये. सहा पोरांचं मंडळसुद्धा मंडळच असतं, आणि पुढच्या जुलैत पाचवीतून नवी पोरं येतातच.

१५. निघताना

बदलीची यादी लागेल तेव्हा रडारड होईल, निरोप समारंभ होईल, पोरं फुलं आणतील. त्याआधी तीन कामं उरक. वहीच्या पहिल्या पानावर बोडी कुठे, दगड कोणता, वार कोणता, परवानगी कुणाकडे मागायची हे एका पानात लिही. वही शाळेच्या कपाटात जमा कर आणि साठा नोंदवहीत तिचा क्रमांक टाक. नोंद झालेली वस्तू कुणी रद्दीत घालत नाही. आणि नवे शिक्षक रुजू झाले की त्यांना तू काही समजावत बसू नको, पहिल्या शनिवारी पोरंच त्यांना बोडीवर नेतील.

आता एवढं सगळं वाचून घाबरू नको. येत्या शनिवारसाठी तुला लागेल ते थोडकंच आहे. शुक्रवारी अर्जुनीहून वही आण आणि रकाने आखून ठेव. शाळा सुटली की थांबतील त्या पोरांना घेऊन जवळच्या तीन-चार बोड्या बघून ये आणि त्यांनाच ठरवू दे आपली कोणती. दगड शोधा, रेघा मारा, पहिली ओळ लिहा. ती ओळ तू लिहू नको, पाचवीतल्या कुणाकडून तरी लिहून घे. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

तुझी,
आत्या